लक्षात राहणारा खलनायक कसा लिहावा

बऱ्याच कथांमध्ये खलनायक नुसता वाट पाहत बसलेला असतो. नायक मोठा होईपर्यंत, सत्य शोधून काढेपर्यंत आणि शेवटच्या प्रकरणात दारात येऊन उभा राहीपर्यंत त्याला काही कामच नसतं. मधूनच तो कुणाचा तरी जीव घेतो, तेही तो दुष्ट आहे हे वाचकाला कळावं म्हणून. अशा पात्राची भीती वाटत नाही, कारण ते स्वतःहून काही ठरवतच नाही.

माझ्या मते खलनायक मोठा होतो तो त्याच्या निर्णयांमुळे. समोर दोन वाटा असतात, चांगली वाट कोणती हे त्यालाही दिसत असतं आणि तरी तो दुसरी धरतो. त्या क्षणी त्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे वाचकाला आतून समजलं, तर ते पात्र विसरता येत नाही. क्रौर्य किती दाखवलं याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

पायऱ्या समजायला सोप्या जाव्यात म्हणून एकच उदाहरण बरोबर ठेवू. दोन भाऊ आहेत. थोरला धाकट्याच्या वाट्याची जमीन फसवून स्वतःच्या नावावर करून घेतो. मुद्दाम घरातलंच उदाहरण घेतलं आहे. तुमच्या कथेत जादूगार असो, हुकूमशहा असो की खुनी, काम याच क्रमाने करता येतं.

पायरी १ : त्याला काय हवंय ते एका वाक्यात लिहा

‘सत्ता’, ‘पैसा’, ‘सूड’ ही उत्तरं अपुरी आहेत. त्यातून कुणाचाही चेहरा दिसत नाही. वस्तू, माणूस किंवा प्रसंग दिसेल इतकं नेमकं वाक्य हवं. आपल्या थोरल्या भावाला जमीन हवी आहे, हा झाला पहिला मसुदा. आणखी खाली उतरा: वडिलांचं कर्ज फेडण्यासाठी त्याने शाळा सोडली, धाकटा शिकून शहरात गेला, आणि ही जमीन आपल्या घामाने राखली हे कुणीतरी एकदा कबूल करावं एवढंच त्याला हवं आहे. जमीन नावावर होणं ही त्याच्या दृष्टीने त्या कबुलीची पावती आहे.

आता पाहा, लोभी भाऊ नाहीसा झाला आणि त्या जागी एक माणूस आला. मागणी जितकी लहान आणि नेमकी, तितकं पात्र खरं वाटतं. जग जिंकायला निघालेला खलनायक लिहीत असाल, तर जग जिंकल्यावर तो सर्वांत आधी कुणासमोर जाऊन उभा राहील याचं उत्तर शोधा. बहुतेक वेळा त्याची खरी इच्छा त्या एका माणसापाशी सापडते.

पायरी २ : एक पान त्याच्या तोंडून लिहा

ही पायरी गाळू नका. सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्या. खलनायक ‘मी’ म्हणून बोलतोय असं एक पान लिहा. हे पान कथेत छापायचं नाही, ते तुमच्यासाठी आहे. अट एकच: त्याने स्वतःला वाईट म्हणायचं नाही, आणि तुम्हीही त्याच्या पाठीमागून तसं सुचवायचं नाही.

थोरला भाऊ लिहील: ‘आईच्या आजारपणात रात्रभर मी जागलो. तो दोन दिवसांसाठी आला, फळं घेऊन आला, सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. त्याला या मातीचा रंगही आठवत नसेल. उद्या तो आपला वाटा विकून टाकेल. मी विकू देणार नाही. कागदावर सही घेतली तर कुणाचं काय जाणार आहे? त्याला फरकही पडणार नाही.’

पान झालं की दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा. ऐकणारा माणूस सुरुवातीला मान डोलावेल, मग एका वाक्याशी थांबेल. इथे ते वाक्य सहीचं आहे. तोवर भाऊ दुखावलेला होता, त्या वाक्यापासून तो खलनायक झाला. सहमती तुटण्याची ही जागा म्हणजे तुमच्या कथेचा कणा. ती पहिल्याच ओळीत आली, तर पात्र राक्षस झालं आहे आणि वाचक त्याच्यापासून दूर बसून राहील. ती आलीच नाही, तर तुम्ही खलनायक लिहिलेला नाही, अन्याय झालेला नायक लिहिला आहे.

इथेच भूतकाळाचा प्रश्न येतो. बालपणीचा मार, गमावलेली आई, अपमान यांची रास घालून दुष्टपणाचं कारण सिद्ध करण्याचा मोह टाळा. भूतकाळ माणसाला एका वळणापर्यंत आणून सोडतो, पुढचं पाऊल तो स्वतः टाकतो. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ च्या ‘ले मिझराब्ल’ या कादंबरीतला पोलीस अधिकारी जावेर तुरुंगातच जन्मलेला आहे. एवढी एकच गोष्ट त्याच्या कायद्यावरच्या कडव्या निष्ठेला पुरेशी पार्श्वभूमी देते. पण तुरुंगात जन्मलेला प्रत्येक जण जावेर होत नाही. कायदा आणि दया यांतून निवड करायची वेळ येते तेव्हा दर वेळी कायदा निवडणारा तो आहे, म्हणून तो जावेर आहे. शिवाय तो गुन्हेगार नाही, लाचखोर नाही, खोटारडाही नाही. ज्याच्याकडे बोट दाखवायला सोपा दोष नाही असा विरोधक लिहिणं अवघड असतं, आणि वाचकाला तोच जास्त अस्वस्थ करतो.

कारण वाचकाला सांगायलाच हवं असंही नाही. शेक्सपिअरचा इयागो ‘ऑथेल्लो’मध्ये कारणं बरीच सांगतो: बढती दुसऱ्याला मिळाली, बायकोबद्दल संशय आहे. पण त्याने केलेल्या विध्वंसाच्या मानाने ती अपुरीच वाटत राहतात. पकडला गेल्यावर तो यापुढे एक शब्दही बोलणार नाही असं जाहीर करतो आणि खरोखर गप्प होतो. हे मौन चालतं, कारण त्याआधी नाटकभर आपण त्याचं डोकं चालताना पाहिलेलं असतं. तुम्हीही कारण झाकू शकता, विचार करण्याची रीत मात्र झाकू नका.

पायरी ३ : तो याच नायकासाठी घडवा

एक चाचणी सांगतो. तुमच्या नायकाच्या जागी दुसऱ्या स्वभावाचा माणूस ठेवा. खलनायकाचा डाव तरीही तसाच यशस्वी होत असेल, तर दोघांची गाठ पक्की बसलेली नाही. ऑथेल्लो माणसांवर पटकन विश्वास टाकतो आणि एकदा शंका आली की लगेच निकालावर येतो. ऑथेल्लोच्या बायकोचा रुमाल दुसऱ्या पुरुषाकडे पोचवून तिच्यावर संशय आणण्याचा इयागोचा डाव नेमका त्या स्वभावावर उभा आहे. त्याच जागी शेक्सपिअरचाच हॅम्लेट असता तर तो पुरावे तपासत राहिला असता आणि डाव वाया गेला असता.

म्हणून नायकाच्या गुणांची यादी करा आणि प्रत्येक गुणासमोर लिहा, हा गुण कुठे उघडा पडतो? आपल्या कथेतला धाकटा भाऊ भावाचा आदर करणारा आहे. त्याने पुढे केलेला कागद वाचून पाहणं त्याला अपमानासारखं वाटेल. थोरल्याला हे पुरतं माहीत आहे. फसवणूक शक्य होते ती धाकट्याच्या चांगुलपणामुळे. इथे वाचकाला जो राग येईल, तो शंभर खून दाखवूनही आणता येणार नाही.

दोघांना एकच गोष्ट हवी असेल तर आणखी बरं. दोन्ही भावांना आईच्या नजरेतली जागा हवी आहे. एक ती मिळवण्यासाठी सोडून देतो, दुसरा हिसकावतो.

पायरी ४ : पडद्यामागचं वेळापत्रक मांडा

वहीच्या पानावर दोन रकाने आखा. डाव्या बाजूला कथेतले प्रसंग क्रमाने लिहा. उजव्या बाजूला त्या त्या वेळी खलनायक कुठे आहे आणि काय करतो आहे ते भरा, तो प्रसंगात नसला तरी. उजवा रकाना सलग रिकामा दिसला की समजा, तिथे तुमचा खलनायक पुन्हा वाट पाहत बसला आहे.

हा रकाना भरताना दोन गोष्टी आपोआप होतात. एक म्हणजे त्याची योजना बदलू लागते. धाकटा अचानक लवकर घरी आला तर थोरल्याला घाईत काहीतरी नवं सुचायला हवं, आणि माणूस कसा आहे ते त्या घाईत दिसतं. दुसरी म्हणजे तो मध्येच कुठेतरी जिंकतो. त्याला जिंकू द्या. निम्म्या कथेपर्यंत एकदा तरी त्याचा डाव पूर्ण यशस्वी व्हावा आणि त्यातून नायकाचं झालेलं नुकसान भरून निघणारं नसावं. सतत हरणाऱ्या माणसाला हरवण्यात नायकाचाही मोठेपणा नसतो.

पायरी ५ : किंमत आणि मर्यादा ठरवा

त्याला जे हवं आहे त्यासाठी तो काय देऊन बसतो? विजय तेंडुलकरांच्या १९७२ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये अपमानाने पेटलेला घाशीराम सत्ता मिळवण्यासाठी स्वतःची मुलगी नाना फडणविसांच्या स्वाधीन करतो. त्यानंतर तो शहरावर जो जुलूम करतो, त्याच्या प्रत्येक फटक्यामागे तो सौदा आहे. प्रेक्षक त्याला माफ करत नाहीत, पण नजरही हटवू शकत नाहीत. या नाटकात आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे: खलनायकामागे त्याला वापरून घेणारा आणि गरज संपली की जमावाच्या हाती सोडून देणारा दुसरा माणूस उभा आहे. तुमच्या खलनायकाच्या असण्याचा फायदा कुणाला होतो, हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा.

मर्यादा म्हणजे तो कधीच करणार नाही अशी एक गोष्ट. थोरला भाऊ आईच्या औषधपाण्यात कधीही कसूर करणार नाही, आणि ते कुणाला दाखवण्यासाठी नव्हे. ही मर्यादा सुरुवातीला दाखवून ठेवा. पुढे कधीतरी डाव वाचवायचा असेल तर तीच मोडावी लागेल असा प्रसंग आणा. तो मोडेल की नाही हे तुम्ही ठरवा. दोन्हीपैकी काहीही झालं तरी तो प्रसंग कथेतला सर्वांत जिवंत प्रसंग होण्याची शक्यता आहे.

पायरी ६ : किती दाखवायचा ते ठरवा

जितका जास्त दिसेल तितका तो ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या गोष्टीचा धाक कमी होतो. शेरलॉक होम्सचा शत्रू मोरिआर्टी हे नाव आज सगळ्यांना माहीत आहे, पण १८९३ मधल्या ‘द फायनल प्रॉब्लेम’ या कथेत तो बहुतेक होम्सच्या सांगण्यातूनच आपल्यासमोर येतो. ज्याला कशाचीच भीती वाटत नाही असा होम्स खिडकीची दारं लावून घेतो, तेव्हा बाहेर कोण असेल याचा अंदाज वाचक स्वतःच करतो. आपल्या कथेत मात्र भाऊ रोज समोरच असायला हवा, ताटावर शेजारी बसलेला. तिथे धाक जवळिकीतूनच येतो.

संवादांबद्दल थोडक्यात: त्याला स्वतःची योजना समजावून सांगू देऊ नका, धमक्या कमीत कमी ठेवा, आणि त्याच्या तोंडी निदान एक असं वाक्य द्या जे शंभर टक्के खरं आहे आणि नायकाला खोडता येत नाही.

रूपाबद्दल माझं मत ठाम आहे. चेहऱ्यावरचा व्रण, लंगडणारा पाय, काळा रंग, मानसिक आजार यांचा उपयोग दुष्टपणाची खूण म्हणून करू नका. ज्यांच्या वाट्याला हे खरोखर आलेलं असतं, त्यांच्यावर तो अन्याय आहेच. लेखनाच्या बाजूनेही ती पळवाट आहे. शरीराने सांगून टाकलं की निर्णय लिहायची गरज उरत नाही, आणि मग पात्रही उरत नाही.

पायरी ७ : शेवट त्याच्याच स्वभावातून काढा

दरड कोसळली, गाडी घसरली, साथीदाराने अचानक दगा दिला, असे शेवट वाचकाला फसवल्यासारखे वाटतात. पायरी १ आणि २ ची पानं पुन्हा काढा. ज्या गोष्टीच्या बळावर तो इथवर आला, त्यातच त्याचं पडणं शोधा. जावेरचा जीव ज्याचा तो पाठलाग करत होता त्यानेच वाचवल्यावर, कायदा आणि उपकार यांचा मेळ त्याला घालता येत नाही. त्याला बाहेरचा कुणी हरवत नाही, ज्या नियमावर तो उभा होता तोच त्याला पुढे जगू देत नाही.

पराभवानंतरही त्याला एक प्रसंग द्या. सुईच्या अग्रावर राहील एवढीही जमीन देणार नाही म्हणणारा दुर्योधन आपल्याला माहीत आहे. संस्कृत नाटककार भासाने ‘ऊरुभंग’ या नाटकात तोच दुर्योधन मांड्या मोडून पडलेला दाखवला आहे. त्याचा लहान मुलगा दुर्जय मांडीवर बसायला येतो आणि बापाला त्याला थांबवावं लागतं. आधी केलेलं काहीही यात पुसलं जात नाही. जमीन न देण्याचा निर्णय त्याचाच होता आणि तो कुठवर घेऊन आला हे आता तोही पाहतो, आपणही पाहतो.

आपल्या थोरल्या भावासाठीही असाच प्रसंग शोधायचा आहे. फसवणूक उघडी पडली आहे, कागद मोठ्याने वाचला गेला आहे. आता धाकट्याने त्याला हवी असलेली कबुली खरोखर द्यावी: ही जमीन तूच राखलीस, मागितली असतीस तर मी तशीच दिली असती. हे ऐकल्यावर थोरला काय करतो ते लिहा, आणि त्याच्या मनात काय आलं ते या वेळी सांगू नका. दुसऱ्या पायरीचं पान नीट लिहिलं असेल, तर वाचकाला ते आधीच ठाऊक असेल.