थंड पाण्यासाठी वेटसूट घेताय? ठाण्याच्या उकाड्यावर विसंबू नका

मे महिन्यातली दुपार, घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, डोक्यावर पंखा. डाइव्हिंगचा सात मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे निओप्रीन या बुडबुडेदार रबराचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख, मांडीपर्यंत येईतो माणूस घामाने निथळतो, चेन लावताना जीव घाबरा होतो, आणि मग तो ठरवून टाकतो, 'एक साइज मोठाच घेऊ.' थंड पाण्यात कुडकुडत वर येणाऱ्या बहुतेकांचं गणित इथेच चुकलेलं असतं.

वेटसूट पाणी अडवत नाही. अंग आणि निओप्रीनच्या मध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो, तो अंगाच्या उबेने तापतो, आणि निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. पण ते पाणी जागचं हलता कामा नये. सूट सैल असला की हात हलवला तरी तापलेलं पाणी बाहेर आणि गार पाणी आत. पाणी अंगातली ऊब हवेच्या साधारण २५ पट वेगाने खेचतं, त्यामुळे सैल सूट कितीही जाड असला तरी काही उपयोग नाही.

कळव्याचा एक मुलगा आमच्याबरोबर केपटाउनला होता. फॉल्स बे, पाणी १३ अंश, खाली केल्प या समुद्री शेवाळाचं जंगल आणि सील. सूट ऑनलाइन मागवलेला. घेताना त्याने पोटाचं माप धरलं होतं, म्हणजे आपल्याकडचे निम्मे पुरुष धरतात तसंच. ढेरीवर बरोबर बसला, बाकी सगळीकडे मोकळा. बोटीवर मी त्याच्या कमरेच्या खळग्यात मूठ घातली, ती आरामात मावली. 'सर, सात एमएम आहे ना, चालेल की!' पाण्यात तो मान वाकवून खाली बघायचा तेव्हा कॉलरमधून गार पाणी पाठीवरून उतरून त्याच खळग्यात साठायचं. कुडकुडल्याने श्वास वाढला. आमच्या टाक्या बऱ्यापैकी भरलेल्या असताना याची अर्ध्यावर आली, आणि बोटं इतकी बधिर की बीसीडीचं, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटचं, बटण दाबता येईना. डाइव्ह तिथेच सोडली. वर येऊन पाठीची चेन उघडली तर भसकन पाणी बाहेर. दुसऱ्या डाइव्हला सील सगळ्यांच्या पायातल्या फिन चावत होते, हा बोटीवर टॉवेलात.

माझी पद्धत अशी: सूट पहाटे घालून बघायचा, एसी १८ वर, अंग पूर्ण कोरडं. पायात किराण्याची पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पाय सरकन आत जातो. नखांनी ओढू नका, निओप्रीन फाटतं. बोटांच्या पेरांनी थोडा थोडा वर घ्या. पंधरा मिनिटं लागली तर लागू द्या. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी तारकर्लीलाच डुबक्या माराव्यात, तिथलं पाणी प्रेमळ आहे. सूट चढला की उकिडवं बसा, हात वर करा, आणि कुणाला तरी कमरेच्या खळग्यात, काखेत, जांघेत कापड चिमटीत धरून ओढायला सांगा. पोकळी नको. खोल श्वास मात्र पूर्ण घेता आला पाहिजे. कॉलर दाबून गरगरायला लागलं तर तो सूट लहान आहे, तिथे हट्ट करू नका.

दुसरी चूक म्हणजे वरच्या पाण्याचं तापमान बघणं. बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटाला मोला-मोला हा अवाढव्य मासा बघायला जुलै ते ऑक्टोबरमध्ये लोक जातात, ते अंदमानात वापरलेला तीन एमएम घेऊन. त्या मोसमात खालून गार पाणी वर येतं, आणि काही मीटर उतरल्यावर पारा २० च्याही खाली जाऊ शकतो. विचारायचंच तर तिथल्या गाइडला विचारा: त्या महिन्यात, तळाशी, किती अंश? माझं ढोबळ माप: २४ अंशांच्या वर तीन एमएम, १८ ते २३ ला पाच, १२ ते १७ ला सात आणि हूड, म्हणजे डोकं-मान झाकणारी निओप्रीनची टोपी. त्याखाली ड्राय सूट, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा, तोही वापरायला शिकून. आइसलँडच्या सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या भेगेत पाणी २ ते ४ अंश असतं. तिथे वेटसूटमध्ये डाइव्ह करायचा विषयच नको.

सर्फिंगचा सूट डाइव्हिंगला चालवू नका. त्याचं निओप्रीन मऊ असतं आणि खाली पार चपटं होतं. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे बुडबुडे निम्मे. तीस मीटरवर पाव. चांगला सूटही खाली तेवढा उबदार राहत नाही, मग जुना, दाबून दाबून पातळ झालेला सेकंडहँड सूट कशाला?

तीन एमएमवर तीन एमएम म्हणजे सहा नव्हे. सेमी-ड्राय, म्हणजे पाणी कमी शिरू देणाऱ्या वेटसूटमध्येही ओलं व्हायला होतंच, फक्त कमी. हूड न घेता ग्लोव्हजवर खर्च करू नका. आणि जाड सूट तरंगतो, तेव्हा कमरेच्या पट्ट्यातलं वजन वाढवून आधी उथळ पाण्यात तपासा.

थंड पाण्यात एकदाच जाणार असाल तर विकत घेऊ नका. तिथे भाड्याने मिळतो, आणि तिथल्या लोकांना तिथलं पाणी कळतं. उंची, वजन, छाती आधी कळवा, पोट नंतर. हूड तेवढा स्वतःचा न्या. भाड्याचा सूट आतून याआधी कशाकशाने ओला झालाय, हे डाइव्हर मंडळींना मी सांगायला नको.