तांब्याचा हातघडणीचा टॉर्च ‘हाय’वर लुकलुकायचा, त्याची गोष्ट

‘लो’वर (मंद उजेडावर) ठणठणीत, ‘हाय’वर (प्रखर उजेडावर) लुकलुक; जरा हलवला की बंद. सेल बदलला, स्प्रिंग ताणली, आटे पुसले. व्यर्थ. ऑर्डर देऊन बनवून घेतलेली वस्तू अशी वागली की जीव जळतो.

शेवटी मागचं झाकण काढलं आणि जाड तारेनं सेलचं ऋण टोक नळीच्या उघड्या कडेला जोडलं. उजेड स्थिर! म्हणजे दोष झाकणात. आत स्विच दाबून धरणारी, दोन खाचांची रिंग अर्धा फेरा सैल होती. चिमट्याची टोकं खाचांत घालून आवळली (माझी उजवीकडे, काहींचे आटे उलटे असतात). मग नळीच्या कडेवरचा काळपट मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, ओ-रिंगला (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीसचं बोट लावलं.

पुढच्या ऑर्डरीत सेलची लांबीही कळवणार: साधा १८६५० (लिथियम सेलचा एक आकार) सुमारे ६५ मिमी, प्रोटेक्टेड (आत संरक्षक सर्किट असलेला) त्याहून लांब.