लसीच्या बातमीतला टक्का कसा वाचावा

‘लस ९५ टक्के प्रभावी’ असं दिसलं की मी आधी कागद-पेन घेते आणि मूळ आकडे शोधते. २०२० मधली फायझर-बायोएनटेकची चाचणी घ्या. सुमारे ४३ हजार माणसं. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. लक्षणांसह कोविड झाला १७० जणांना. त्यातले १६२ मिठाच्या पाण्याच्या गटातले, लसवाले फक्त ८. दोन्ही गट जवळपास सारखे, म्हणून ८ ला सरळ १६२ ने भागा: ०.०५. म्हणजे धोका ९५ टक्क्यांनी घटला. शंभरातल्या पाच जणांना लस घेऊनही आजार होणारच, असा अर्थ मुळीच नाही! माझी आई नेमकं हेच समजून घाबरून बसली होती. तिला हा भागाकार करून दाखवला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मग किती काळ लक्ष ठेवलं तेही बघा. इथे तेव्हा सरासरी दोनच महिने झाले होते.