ताओवादी राज्यविचारातील मनुष्यस्वभाव कसा वाचावा

नवी मुंबईतल्या आपल्या वाचनमंडळात हा विषय घेणार असाल, तर लाओ त्सू यांच्या नावावरील ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ताओवादी ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन; कारण ‘ताओ’ या शब्दाचा अर्थ लावण्यातच सारी बैठक सरते आणि माणसाचा प्रश्न बाजूला राहतो. त्याऐवजी च्वांग त्सू या दुसऱ्या ताओवादी विचारवंताच्या नावावरील ग्रंथाचे १८ वे प्रकरण उघडावे. प्राचीन चीनमधल्या लू राज्यात एक समुद्रपक्षी उतरतो. तिथला अधिपती त्याला पूर्वजांच्या मंदिरात नेऊन मद्य पाजतो, राजसंगीत ऐकवतो, उत्तम मांस वाढतो, आणि भांबावलेला पक्षी घासालाही न शिवता तीन दिवसांत मरतो. अधिपती क्रूर नव्हता. स्वतःला जे मानवते तेच त्याने पक्ष्याला दिले.

इथे ठाणे खाडीतले रोहित पक्षी आठवावेत. चिखलातले शेवाळ आणि सूक्ष्म जीव चोचीने गाळून जगणाऱ्या या पाहुण्यांना आपला पाहुणचार नको, भरती-ओहोटीचा मोकळा चिखल हवा. म्हणूनच ‘वू वेई’ या ताओवादी संकल्पनेचा अर्थ ‘काहीच न करणे’ असा सांगू नये; ज्याच्या वाढीला जे लागते ते टिकवणे आणि आपली आवड त्याच्यावर न लादणे, असा तो समजावून द्यावा.

मग च्वांग त्सूंच्याच ग्रंथाचे ८ वे प्रकरण घ्यावे: बदकाचे पाय आखूड आहेत म्हणून ते ताणले, तर त्याला वेदनाच होतील. याच्या शेजारी श्युन त्सू या कन्फ्यूशियसपंथी विचारवंताचे मत ठेवावे. त्यांच्या लेखी माणूस वाकड्या लाकडासारखा असतो, वाफ देऊन त्याला सरळ करावे लागते. वाद खरा इथे आहे.

‘स्वभाव’ या अर्थाचा चिनी शब्द ‘शिंग’ हा ‘ताओ ते चिंग’मध्ये येत नाही, म्हणून तो लाओ त्सूंच्या तोंडी घालू नये, तिथे ‘ते’, म्हणजे अंगभूत सामर्थ्य, या शब्दाचा माग घ्यावा. याच ग्रंथाच्या ६० व्या प्रकरणात मोठ्या राज्याचा कारभार लहान मासे शिजवण्यासारखा म्हटला आहे. तव्यावरची मांदेली वारंवार उलटली की मोडतात, हे आपल्याकडे वेगळे समजावावे लागत नाही.

लोकांची मने रिकामी आणि पोटे भरलेली ठेवावीत, असे सांगणारे ३ रे प्रकरण मात्र अडचणीचे म्हणून वगळू नये. लोकांना अज्ञानात ठेवणारा राजा त्यांचे सामर्थ्य जपतो की खुडतो, या प्रश्नासाठी एक पूर्ण बैठक राखून ठेवावी.