दंड कापला गेला, मग शहाणपण आलं

मी सार्वजनिक बांधकामाची छोटी कामं बी-१ टेंडरवर (खात्याच्या ठरलेल्या नमुन्यातल्या करारावर) घेतो. एका रस्त्याच्या कामात महावितरणचे खांब आडवे आले. ते हलेपर्यंत अडीच महिने रोलर नुसता उभा, भाडं मात्र चालू. साहेबांना रोज फोन करायचो, तेही ‘बघू, बघू’ म्हणायचे. शेवटी काम उशिरा संपलं आणि अंतिम बिलातून करारातल्या कलम २ खाली उशिराचा दंड कापला. फोनवरच्या बोलण्याला पुरावा कुठला?

तेव्हा करारनामा पहिल्यांदा नीट वाचला. (त्याआधी फक्त दर आणि अनामत पाहायचो, खोटं कशाला बोलू?) कलम ६ मध्ये स्पष्ट आहे: अडचण आल्यापासून ३० दिवसांत किंवा कामाची मुदत संपण्याआधी, यातलं जे आधी येईल तेव्हा, कार्यकारी अभियंत्याकडे मुदतवाढीचा लेखी अर्ज द्यायचा. माझा एकही कागद नव्हता.

आता कार्यारंभ आदेश हातात आला की त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुदत आणि दोषदायित्वाची (कामातले दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा काळ संपण्याची) तारीख लाल पेनाने लिहितो. काही अडलं की आठवडाभरात अर्ज, सोबत तारखेचा फोटो, आणि स्थळप्रतीवर, म्हणजे माझ्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, कार्यालयाचा आवक क्रमांकाचा शिक्का. शिक्क्याशिवाय पोरगा परत आला तर त्याला पुन्हा पाठवतो.

झाकलं जाणारं काम मोजून एमबीत (मोजमाप पुस्तकात) चढल्याशिवाय त्यावर काँक्रीट टाकत नाही. जादा काम तोंडी सांगितलं, तर साइटवरच्या आदेश वहीत लिहून मागतो. एक शाखा अभियंता चिडले होते, पण लिहून दिलं.

पुढच्याच मोरीच्या कामात मुदतवाढ दंडाशिवाय मंजूर झाली. जुना दंड मात्र गेला तो गेलाच.