मॉस्किटोचं मॉडेल जोडताना

मॉस्किटो या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बरचं 1/72 (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) किट हातात घेणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट बजावतो: हे विमान लाकडाचं आहे, हे शेवटचा रंग वाळेपर्यंत लक्षात ठेवा. डी हॅविलंड या विमान कंपनीच्या आर. ई. बिशप यांनी ते आखलं, तेव्हा ब्रिटनला अ‍ॅल्युमिनियम जपून वापरायचं होतं आणि फर्निचरच्या कारखान्यांत कसबी सुतार होते. बर्च प्लायच्या दोन थरांत बाल्सा घालून, साच्यावर दाबून धडाचे डावा-उजवा असे दोन अर्धे भाग बनत. उघड्या भागांत केबल आणि नळ्या बसवायच्या, मगच दोन्ही चिकटवायचे. किटमध्येही तोच क्रम आहे!

म्हणून आधी कॉकपिट पूर्ण करा. वैमानिक डावीकडे, नॅव्हिगेटर उजवीकडे किंचित मागे. बॉम्ब टाकताना नॅव्हिगेटर पुढच्या काचेच्या नाकात पालथा झोपायचा, त्यामुळे नाकही आतून रंगवा, बाहेरून स्पष्ट दिसतं.

धड जोडल्यावर रात्रभर टेप लावून ठेवा. सांध्यावर पुट्टी भरा, 600 आणि मग 1000 नंबरच्या सँडपेपरने पाणी लावून घासा. इथे घाई नको. खऱ्या विमानावर कापड चिकटवून डोप (कापड ताणून घट्ट करणारं रोगण) दिलेलं असे, पृष्ठभाग तुळतुळीत. किटने धडावर नि पंखांवर कोरलेल्या पत्र्याच्या रेघा बुजवा. इंजिनाच्या धातूच्या झाकणांवरच्या तेवढ्या राहू द्या. या बॉम्बरवर बचावाची एकही तोफ नव्हती. वेग हेच त्याचं संरक्षण, आणि त्या वेगाला हा गुळगुळीतपणा लागतच होता.

खरा पंख टोकापासून टोकापर्यंत अखंड, साडेसोळा मीटर. मॉडेलमध्ये सुमारे 23 सेंटीमीटर. सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) लावण्याआधी तो कोरडाच बसवून दोन्ही टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर आहेत का पाहा.

इंजिनांची घरं नीट बघून घ्या. 25 नोव्हेंबर 1940 ला हॅटफिल्डहून उडालेल्या पहिल्या नमुन्याची शेपटी थरथरायची. ती थांबवायला ही घरं पंखाच्या मागे लांबवली. तो पहिला, पिवळा नमुना करणार असाल तर आखूड, नेहमीचा बॉम्बर असेल तर लांब.

वर हिरवा-करडा, खाली फिकट करडा. पावसाळी दमट हवेत क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) फवारू नका, पांढुरका पडतो. डेकल (चिकटवायची चिन्हं) चकचकीत थरावरच लावा.