मृतांना पैलतीरी नेणारा सागरदेव कसा रचावा

काल्पनिक जगासाठी असा देव रचायला बसलं की हात आधी त्रिशूळ, निळी कांती आणि वादळाकडे जातो. रूप नंतर पाहू, आधी त्याचं काम ठरवा. तो आत्म्याला नेतो. निवाडा दुसऱ्या कुणाकडे असू द्या. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौदावं सूक्त मृताला सांगतं की वाटेवर तुला यम आणि वरुण असे दोन राजे दिसतील. ग्रीक कथांत हर्मिस हा देव आत्म्याला पाताळातल्या नदीच्या काठापर्यंत आणतो, नावाडी केरॉन पलीकडे उतरवतो. नेणारा आणि न्याय करणारा एकच केला, तर प्रवासात आत्मा त्याच्याशी खरं बोलणारच नाही. या देवाची सगळ्यात सुंदर दृश्यं तर त्या होडीतच घडायची असतात.

मग त्याला एक बंधन घाला. भरती-ओहोटीइतकं चांगलं बंधन दुसरं नाही. समजा, नाव फक्त ओहोटी लागताना सुटते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे वर्षाला साधारण 705 फेऱ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी दूरवर मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ओढ कमी. म्हणून अष्टमीला गेलेल्याची वाट संथ आणि उधाणाला गेलेल्याची झपाट्याची, एवढ्या एका नियमातून लोकांच्या समजुती, भीती आणि पंचांग आपोआप उभं राहतं. जगात दोन चंद्र ठेवले असतील, तर मात्र हे वेळापत्रक बदलेल; ते आधीच मांडून घ्या.

आता हिशेब करा, तो टाळू नका. 20,000 वस्तीच्या बंदरात दर हजारी वर्षाला 30 मृत्यू धरले, तर वर्षाचे 600. फेरीला एक आत्माही पुरता येत नाही, त्यामुळे देवाला प्रत्येकाशी बोलायला सवड आहे. नावेत जागा 12 ठेवा. मग साथ आणा: एका महिन्यात 3,000 मृत्यू. महिन्यात फेऱ्या 58, जागा 696. सुमारे 2,300 आत्मे किनाऱ्यावर खोळंबले, आणि नेहमीचे मृत्यू चालूच असल्याने रांग संपायला आणखी साडेतीन महिने लागणार. आधी कुणाला न्यायचं? देवाचा स्वभाव या उत्तरात दिसतो. ‘शांत’, ‘गूढ’ अशी विशेषणं लावून तो दिसत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो समुद्रापासून लांब राहणाऱ्यांचा. त्यांना वाऱ्यावर सोडू नका, नदी वापरा. प्रवाह ताशी 3 किलोमीटर धरला तर दिवसाला 72 किलोमीटर. 300 किलोमीटर आतल्या गावचा आत्मा चार दिवसांनी मुखाशी पोचतो, म्हणून त्या गावचं सुतक चार दिवसांचं. विहिरीत बुडालेल्याला मात्र वाट नाही. नातेवाइकांनी त्या विहिरीचं घागरभर पाणी वाहत्या नदीत नेऊन ओतायचं, असा विधी द्या. धरण बांधलं की काय होईल, तेही लिहून ठेवा. एखादा वाचक विचारतोच.

समुद्रात बुडालेल्यांचा नियम वेगळा हवा, कारण ते किनाऱ्यावरच्या रांगेत नाहीतच. नॉर्स कथांतली रान नावाची समुद्रदेवी त्यांना जाळ्यात ओढते. तुमचा देव त्यांना वाटेत उचलत असेल, तर 12 जागांपैकी दोन रिकाम्या ठेवूनच त्याला निघावं लागेल.

भाडं ठेवायचं का, हेही ठरवा. ग्रीक मृताच्या तोंडात केरॉनसाठी नाणं ठेवत. पैसे ठेवले की गरीब मागे राहतात. ते कथेला हवं असेल तरच ठेवा. नाहीतर कुणालाही परवडेल असं काही मागा, पण द्यायला जड जाईल असं: एक आठवण, किंवा कुणीतरी प्रेमानं मारलेली हाक.

देव दाखवताना हात आखडता घ्या. सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस आत्मे वाहून नेणाऱ्या कोळ्यांची दंतकथा सांगतो: होडीत कुणी दिसत नाही, तरी ती इतकी दबते की पाणी काठापासून बोटभरही खाली राहत नाही; परतताना ती हलकी होऊन वर येते. अंगावर काटा येतो तो त्या बुडालेल्या काठामुळे. असा एकच खुणेचा तपशील निवडा आणि दर वेळी तोच वापरा.

नावं दोन द्या: देवळात घ्यायचं आणि होडीत घ्यायचं. होडीतलं छोटं असावं, लाटेच्या आवाजात एका दमात ओरडता येईल इतकं.